थिडतीतला तावला

फोनमध्ये 14 सेकंदांचं एक रेकॉर्डिंग आहे, दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हा माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता आणि स्पीच थेरपी सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. थेरपिस्ट ताईंनी सांगितलं होतं की घरात तो आपणहून जे बोलतो त्याचे छोटे छोटे तुकडे टिपून आणा, समोर बसवून वदवून घेतलेलं नको, म्हणून मी त्या दिवशी सकाळपासून फोन घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होते. तो स्टुलावर चढून खिडकीचे गज धरून उभा राहिला, आणि त्याचं तोंड नीट यावं म्हणून मी खिडकीकडे पाठ करून त्याच्यासमोर कॅमेरा धरून उभी. एकदम त्याचे डोळे मोठे झाले. "आई, थिडतीत तावला!" मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अगंबाई, थिडतीत तावला आला?" त्याचा चेहरा बदलला. "तावला नाई. तावला!" मी आणखी हसले, "हो रे राजा, तावला." "नाई! ताऽऽवला!" मग तो स्टुलावरून उतरला, माझ्या मांडीवर एक बुक्की मारली आणि टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बुक्कीच्या आधीच रेकॉर्डिंग संपतं, पण माझं हसू त्यात आहे, अगदी स्पष्ट.

ते हसू मला अजून टोचतं.

तोपर्यंत माझी पक्की समजूत होती की त्याला स्वतःची चूक कळतच नाही, क काय आणि त काय, त्याच्या लेखी एकच. पण मग माझा "तावला" त्याला का खटकला? मी तर जसाच्या तसा त्याचाच शब्द त्याला परत दिला होता. पुढच्या सेशनला ताईंना हे सांगितलं तर त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, हे फार जुनं आहे, 1960 मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या दोन अभ्यासकांनी अशाच एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय, तो आपल्या खेळण्यातल्या माशाला 'फिश' न म्हणता 'फिस' म्हणायचा. मोठ्या माणसाने विचारलं, हा तुझा फिस का, तर नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. शेवटी 'फिश' म्हटल्यावर म्हणाला, हो, माझा फिस. म्हणजे शब्द मुलाच्या डोक्यात धडधाकट असतो, कानाला तो बरोबर ओळखता येतो, फक्त जीभ अजून तिथवर पोचलेली नसते. माझा मुलगा त्याच्या मते कावळाच म्हणत होता. तीनदा म्हणाला. आणि त्याची आई, जिला सगळं बोलता येतं, ती मुद्दाम चुकीचं बोलून वर हसत होती.

खरं सांगायचं तर मला त्याची ती भाषा फार आवडायची. क चा त, ख चा थ, ग चा द, घ चा ध, आणि र, ळ दोन्हींचा ल. एकदा हा नियम कळला की सगळं लख्ख उलगडायचं. धल म्हणजे घर, दाय म्हणजे गाय, तान म्हणजे कान, आणि "धली चल" म्हटलं की घरी चल. ताईंनी असे शब्द लिहून आणायला सांगितले तेव्हा मी एका वहीत दोन रकाने आखले, डावीकडे त्याचा शब्द, उजवीकडे आपला, आणि आठ दिवसांत चार पानं भरली. घरी कुणी आलं, की तो काहीतरी सांगायचा आणि ते माझ्याकडे बघायचे, आणि मी लगेच "तो म्हणतोय की..." अशी सुरुवात करायची. त्यात एक सुख होतं, नाही कसं म्हणू. जगात ती भाषा येणारी माणसं दोनच, तो आणि मी, त्याच्या बाबालाही अर्धीच यायची. पण सर्वसाधारण अंदाज असा असतो की परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं कळावं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण, आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं. आमच्याकडे चौथं वर्ष सहा महिन्यांवर आलेलं आणि परक्या माणसाला दहातले दोन शब्दही कळत नव्हते. बागेत घसरगुंडीपाशी तो इतर मुलांना काहीतरी सांगायला जायचा, ती मुलं क्षणभर ऐकायची आणि पळून जायची. तिथे मध्ये पडून अर्थ सांगायला मी जाऊ शकत नव्हते. जाऊन पाहिलं एकदा. मुलं तोवर दुसऱ्या खेळात गेली होती.

त्याआधीचं वर्ष तर न बोलण्यातच गेलं. दोन वर्षांचं मूल साधारण 50 शब्द बोलतं आणि दोन शब्द जोडायला लागतं असं म्हणतात, हा दोनाचा झाला तेव्हा आमच्याकडे मोजून नऊ शब्द होते. हवं ते बोटाने दाखवायचा, माझा हात धरून ओढत न्यायचा. घरातली मोठी माणसं सांगायची, मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बाबा तर चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, उगाच घाई करू नकोस. वाईट बुद्धीने कुणी म्हणत नव्हतं, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही, कारण उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पुढे आपली आपण बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्या निम्म्यांतलं की उरलेल्यांतलं हे आधी छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही, आणि मी मात्र ते आपोआप माझ्याच बाजूने धरून चालले होते. कुणी म्हणायचं घरात दोन भाषा बोलता म्हणून गोंधळतोय, एकच ठेवा. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही हे मला नंतर कळलं, तोवर मी काही महिने स्वतःचीच अर्धी वाक्यं गिळली होती.

ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, कान तपासलेत का?

नव्हते तपासले. मला वाटायचं ऐकू येतंय की, दरवाजा वाजला की वळून बघतो. तपासणी झाली. एक टेस्ट झोपेत, कपाळावर आणि कानामागे छोटे छोटे वायर चिकटवून, आणि दुसरी जागेपणी, ज्यात कानात रबरी बूच लावून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा हलतो का ते बघतात. पडदा नीट हलला तर कागदावर डोंगरासारखा उंचवटा येतो. त्याच्या दोन्ही कानांची रेघ सपाट आली. पडद्यामागे पाणी साठलेलं, सर्दीनंतर लहान मुलांना होतं तसं, बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप ओसरतं आणि त्याचंही ओसरलं, पण पुन्हा सर्दी, पुन्हा पाणी, असं किती वेळा आधी होऊन गेलं असेल कुणास ठाऊक. त्याचं बोलणं त्यामुळेच अडलं का, तर ताई म्हणाल्या तसं नक्की नाही सांगता येणार. त्या रात्री तो झोपल्यावर मी बाथरूममध्ये बादली भरली आणि कानापर्यंत डोकं पाण्यात घातलं, आणि नवऱ्याला बाहेरून काहीतरी बोलायला सांगितलं. आवाज येत होता. कोणीतरी बोलतंय हे कळत होतं, चढउतार कळत होते. क आणि त मात्र कळत नव्हते. आणि मी त्या सगळ्या महिन्यांत कितीदा म्हटलं असेल, "लक्ष कुठे असतं रे तुझं?"

नंतर एकदा वाचलं की 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले होते. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो फरक धड ऐकू येत नाही, पण सहा-आठ महिन्यांच्या बाळांना चक्क येत होता, आणि दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये तो जवळजवळ गेलेला होता. म्हणजे तोंडाला पहिला शब्द फुटायच्या आतच कान आपली भाषा निवडून बसलेला असतो. हे वाचल्यावर मला अभिमानबिभिमान काही वाटला नाही, मी फक्त उलटे महिने मोजत बसले, की त्याला पहिली सर्दी कधी झाली होती.

थेरपीची खोली माझ्या कल्पनेपेक्षा साधी निघाली. एक चटई, बुटकं टेबल, भिंतीवर मुलाच्या उंचीला लावलेला आरसा, झाकणाचे डबे आणि त्यात खेळणी, आणि फुग्यांच्या साबणपाण्याचा तो वास, जो अजूनही कुठे आला की मला ती खोली आठवते. मला वाटलं होतं शाळेसारखं असेल, म्हण अ, म्हण आ. ताईंनी अर्धा तास त्याला एक शब्द म्हणायला सांगितला नाही. फुगे उडवले, तो नाचला, मग त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली त्याच्या हातात दिली आणि गप्प बसल्या. त्याने झाकण ओढलं, निघेना. ताई त्याच्याकडे बघताहेत, चेहरा मोकळा, भुवया किंचित वर, बोलत काहीच नाहीत. माझ्या जिभेवर "म्हण, उघड" येऊन थांबलं होतं, त्यांनी न बघताच हाताने मला थांबवलं. मी मनात मोजत होते, सहा, सात, आठ. नऊला त्याने बाटली त्यांच्यापुढे धरली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि "उ" म्हणाला. "उघड!" ताई म्हणाल्या आणि झाकण उघडलं. बस. मला तेव्हा जाणवलं की आमच्या घरात त्याच्यासाठी नऊ आकडे मोजण्याइतकी शांतता कधीच नव्हती. तो तोंड उघडायच्या आत मी प्याला भरून दिलेला असायचा.

मग त्यांनी माझंच रेकॉर्डिंग मागितलं, त्याच्याशी खेळतानाचं, दहा मिनिटांचं. ऐकायला दिलं मलाच, म्हणाल्या फक्त प्रश्न मोजा. हे काय आहे, हा कोणता रंग, गाय कशी करते, सांग ना, काय आहे हे. 41 भरले. त्याची उत्तरं तीन. ऐकताना घशाशी आलं माझ्या, कारण आवाजात प्रेम होतं, खरंच होतं, पण ऐकणाऱ्याला ते परीक्षेसारखंच वाटलं असणार, दिवसभर चालणारी, तोंडी परीक्षा. ताईंनी दिलेला बदल ऐकायला अगदी किरकोळ होता. विचारू नका, सांगा. तो गाडी चढावर नेतोय ना, मग "गाडी चढली... चढली... पडली!" एवढंच, आणि मग थांबा. तो चुकीचं बोलला तर "असं नाही, असं म्हण" नको, त्याची नक्कलही नको, फक्त त्याच वाक्यात बरोबर शब्द परत त्याच्या कानावर पडू द्या. हे मला कळत होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. खिडकीपाशी ते आठवलं नाही.

सगळ्यात अवघड दिवस होता 'हाक' आणि 'हात' या दोन शब्दांचा. ताईंनी टेबलावर दोन चित्रं ठेवली, एकात नुसता पंजा, दुसऱ्यात एक मुलगी तोंडापाशी हात धरून कुणालातरी हाक मारतेय. खेळ असा की तो सांगेल ते चित्र ताई त्याला देणार. त्याला ती मुलगी हवी होती. म्हणाला, "हात." ताईंनी पंजा दिला. त्याने तो ढकलला. "नाई, हात!" पुन्हा पंजा. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, तू म्हणालास तेच दिलं की, एवढंच. तो माझ्याकडे वळला. ती नजर मला सहन होईना, मी खुर्चीवरून जवळजवळ उठलेच, ताई, त्याला हाक म्हणायचंय हो, एवढंच सांगायचं होतं, एक वाक्य. ताईंनी नकारार्थी मान हलवली. आजवर त्याचा एकही शब्द वाया गेला नव्हता, कारण मी मध्ये उभी होते, आणि म्हणूनच बदलायची गरजही त्याला कधी पडली नव्हती, हे सगळं नंतर पटलं, पण त्या क्षणी मला फक्त माझं मूल एकटं पडलेलं दिसत होतं. तिसऱ्यांदा पंजा मिळाल्यावर त्याने चित्र जमिनीवर फेकलं.

न समजलं गेल्याचा तो राग मला माहीत होता, मांडीवरची बुक्की त्यातलीच. ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 मध्ये ज्याच्याबद्दल लिहिलं तो लबोर्न नावाचा पेशंट 21 वर्षं हॉस्पिटलात होता, त्याला फक्त 'तां, तां' एवढंच बोलता यायचं, आणि तिथले लोक त्याला त्याच नावाने ओळखायचे. समोरच्याचं त्याला बरंचसं कळायचं, डाव्या हाताने खुणा करून तो सांगायचा, आणि इतकं करूनही कुणाला कळलं नाही की चिडून शिवी हासडायचा, ती मात्र स्पष्ट यायची. त्याचा आजार मेंदूचा, मोठ्या वयातला, माझ्या मुलाच्या बोबड्या बोलाशी त्याचा काही संबंध नाही. तरी वाचताना मला ते टेबल आणि जमिनीवर पडलेला पंजाच दिसत होता.

क आला तो आडवं झोपून. त्याला चटईवर उताणं झोपवायचं, म्हणजे जीभ आपसूक मागे जाते, आणि छताकडे बघत खोकल्यासारखा आवाज काढायचा, क्, क्. पंधरा दिवस नुसता तो आवाज, शब्द नाही. आणि मग क आधी शब्दाच्या शेवटी आला, जे मला विचित्र वाटलं पण ताई म्हणाल्या असं होतं. पहिला धड शब्द आला "एक". त्या आठवड्यात घरात सगळं एकच होतं, तो जिन्याच्या पायऱ्या मोजायचा, एक, एक, एक, एक, आणि वर पोचल्यावर मागे वळून बघायचा आम्ही ऐकलं का. मग नाक, मग चाक. मग एका सेशनला, कुणी न सांगता, त्याने ती जुनी दोन्ही चित्रं डब्यातून स्वतः शोधून काढली, ताईंसमोर ठेवली आणि म्हणाला, "हाक्क." ताईंनी मुलगी त्याच्या हातात दिली. त्यांचे डोळे भरले होते. माझं तर विचारूच नका.

बाहेरच्या बाकावर जी मंडळी भेटायची त्यांच्यासमोर हा आनंद मला जपूनच ठेवावा लागायचा. एक मुलगी ऐकलेली वाक्यंच्या वाक्यं म्हणायची, सूर अगदी तसाच, पण पाणी हवं हे तिला सांगता यायचं नाही. एक मुलगा चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून बोलायचा, त्याच्या आजीला भीती होती की चित्रं दिली तर तो तोंडाने बोलायचा आळस करेल, आणि ताई दर वेळी न कंटाळता त्यांना सांगायच्या की आजी, चित्रांमुळे बोलणं अडत नाही, उलट पुष्कळ मुलांचं वाढतं. आणि सहा वर्षांचा एक शांत मुलगा, कान ठीक, हुशारी ठीक, पण भाषाच हाताला लागत नव्हती, वाक्यं तुटायची, लांब सूचना अर्ध्यावर निसटायची. डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर हे नाव तज्ज्ञांनी एकत्र बसून 2017 मध्ये नक्की केलं, शंभरात सातेक मुलांना हे असतं, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघं, आणि तरी त्याची आई म्हणायची की हे नाव सांगितलं की लोक म्हणतात, असं काही नसतं, अभ्यास घ्या त्याचा. आमची वही एक दिवस मिटणार होती. तिची बहुधा कधीच मिटणार नव्हती, आणि हे दोघींनाही माहीत असायचं, आणि तरी मला "काल काय म्हणाला?" असं ती आधी विचारायची.

वही मिटत गेली तसं मला जे वाटलं ते मी कुणाला बोलले नाही. एकेक शब्द डाव्या रकान्यातून जात होता, धल गेलं, दाय गेली, एका सकाळी "आई, कान दुखतोय" म्हणाला आणि मी कानाच्या काळजीऐवजी आधी क ऐकला. यासाठीच तर सगळं केलं होतं. बागेत आता तो मुलांच्या घोळक्यात ओरडत असतो आणि ती उलट ओरडतात, कुणी माझ्याकडे बघत नाही. पण एक भाषा संपली होती, आणि ती येणारी मी एकटीच उरले होते, कारण त्याला ती आता येत नव्हती. र आलाय. ळ अजून यायचाय, ताई म्हणतात येईल, घाई नको. मला नाहीये घाई.

गेल्या आठवड्यात फोनमधली जागा संपली म्हणून जुनं काही पुसत बसले होते, तो शेजारी येऊन टेकला आणि बोट लावून त्यानेच ते रेकॉर्डिंग सुरू केलं. ऐकलं. पुन्हा लावलं. भुवया जवळ आल्या.

"हा काय म्हणतोय?"

"खिडकीत कावळा, म्हणतोय. तूच आहेस तो."

"मग नीट का नाही म्हणत?"

"नीटच म्हणत होतास," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा लावलं, फोन कानाशी धरला. मला वाटलं आता माझ्या हसण्याबद्दल विचारेल, मी तयारीत होते, दोन वर्षं तेच तर मनात घोळवत होते. ते त्याच्या कानावरून नुसतं निघून गेलं.

"आई, तो कावला मोठा होता का?"

फोनमध्ये नुसता त्याचा चेहरा होता, आणि मागे स्टुलाचा एक पाय.

"सांग ना. मोठा होता?"

"मी बघितलाच नाही रे," मी म्हटलं.